गुंजेतले विष आणि पेशीचा मृत्यू

तोलायचे बी

आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. या हिशेबाने सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या सोने तोलले. एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅम भरते. लाल अंगाच्या, काळ्या ठिपक्याच्या या बीमध्ये ॲब्रिन हे अत्यंत विषारी प्रथिन असते. कवच टणक असल्यामुळे अख्खे गिळलेले बी बहुधा न पचताच बाहेर पडते. ते चावले किंवा फुटले, की धोका सुरू होतो. आयुर्वेदाने गुंजेची गणना उपविषांत केली आणि औषधात घेण्यापूर्वी दुधात किंवा कांजीत शिजवून तिचे शोधन सांगितले. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, हे आजचे ज्ञान त्या पद्धतीशी जुळते.

दोन साखळ्या

ॲब्रिनचा रेणू दोन साखळ्यांचा असतो आणि गंधकाचा एक बंध त्यांना जोडून ठेवतो. ‘बी’ साखळी पेशीच्या पृष्ठभागावरील गॅलॅक्टोज शर्करेला चिकटते. ‘ए’ साखळी म्हणजे खरे विष. एरंडाच्या बीमधले रायसिन याच घडणीचे. कारल्याच्या बियांतही ‘ए’ साखळीसारखे प्रथिन असते, पण त्याला ‘बी’ साखळीची जोड नसते. त्यामुळे ते पेशीत सहज शिरू शकत नाही आणि तुलनेने सौम्य ठरते. विषाची तीव्रता त्याच्या प्रवेशमार्गावर किती अवलंबून असते, हे या तुलनेतून दिसते.

उलटा प्रवास

पेशीत तयार होणारी अनेक प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्जी पिंडात आणि तिथून बाहेर जातात. ॲब्रिन हाच मार्ग उलट दिशेने चालते. पेशीने आत ओढून घेतलेल्या रेणूंपैकी थोडेच आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत पोहोचतात. तिथे गंधकाचा बंध तुटतो आणि ‘ए’ साखळी सुटी होते. बिघडलेली प्रथिने बाहेर टाकण्यासाठी पेशीने जी वाट ठेवलेली असते, तिनेच ही साखळी पेशीद्रव्यात उतरते. या प्रवासाला काही तास लागतात.

एक ॲडेनीन

रायबोसोम हा पेशीचा प्रथिननिर्मितीचा कारखाना. १९८७ मध्ये याएता एंडो आणि कुनिओ त्सुरुगी या जपानी संशोधकांनी रायसिनचा नेमका घाव शोधला. उंदराच्या रायबोसोममधील २८-एस आरएनएच्या ४३२४ व्या स्थानावरचे एकच ॲडेनीन हे विष काढून टाकते. आरएनएचा धागा तुटत नाही. पण प्रथिनाची साखळी पुढे वाढवणारे घटक ज्या वळणाशी जुळतात, ते वळण निकामी होते आणि निर्मिती थांबते. ॲब्रिनचा घाव हाच. ‘ए’ साखळी या कामात खर्ची पडत नाही. एक रेणू मिनिटाला हजाराहून अधिक रायबोसोम निकामी करू शकतो.

बंगळुरूतले उत्तर

प्रथिने बनणे थांबले म्हणून पेशी मरते, हे उत्तर सोपे आहे, पण पुरे नाही. पेशी नेमकी कशी मरते, हा प्रश्न बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंजली कारंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे लावून धरला. २००४ मध्ये त्यांनी मानवी टी-पेशींपासून मिळालेल्या जर्कट पेशींवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ॲब्रिनमुळे या पेशींत ऑक्सिजनचे विनाशक रेणू वाढतात, तंतुकणिकांच्या पटलावरील विद्युत्‌दाब ढासळतो आणि कॅस्पेज-३ हे विकर जागे होते. मग पेशी स्वतःचेच घटक शिस्तीने मोडते. या आत्मविलयाला ॲपॉप्टोसिस म्हणतात. पृष्ठभागावरील फास या ‘मृत्यू-ग्राहका’ची इथे गरज पडत नाही, आज्ञा आतून येते.

त्यानंतरचा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातून मिळालेल्या यू-२६६-बी-१ पेशींना हेच विष दिले, तेव्हा त्या ॲपॉप्टोसिसने मेल्या नाहीत. त्यांच्यात कॅस्पेजवर न विसंबणारा, पण नियंत्रित असा ऊतकनाश, म्हणजे नेक्रोसिस, दिसला. विष तेच, मृत्यू वेगळा. घाव विष घालते. मरणाची रीत मात्र त्या पेशीची अंतर्गत यंत्रणा ठरवते. वनस्पतिविषांच्या अभ्यासातली ही बाब मला सर्वांत मोलाची वाटते.

उपयोग

‘बी’ साखळी वगळून ‘ए’ साखळी एखाद्या प्रतिपिंडाला जोडली, तर ते प्रतिपिंड तिला निवडक पेशींकडेच नेते. अशा संयुगाला इम्युनोटॉक्सिन म्हणतात. प्रजननसंस्थेशी निगडित काही कर्करोगांच्या पेशींवर विशिष्ट संप्रेरकाचे ग्राहक अधिक असतात. त्यांना लक्ष्य करणारे ॲब्रिनचे इम्युनोटॉक्सिन याच गटाने प्रयोगशाळेत तपासले.

मर्यादा

परकी ‘ए’ साखळी शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखते, आणि निरोगी पेशींना इजा होण्याचा धोकाही उरतो. ॲब्रिनला निष्प्रभ करणारे डी-६-एफ-१० हे प्रतिपिंड याच प्रयोगशाळेत तयार झाले. त्याने उंदरांना विषापासून वाचवले, पण माणसांच्या उपचारात ते अद्याप आलेले नाही. ॲब्रिनवर मान्यताप्राप्त उतारा नाही. रुग्णालयात शरीराला आधार देणारे उपचारच करता येतात. विषाच्या त्या उलट्या प्रवासामुळे लक्षणे उशिरा दिसतात. म्हणून मुलाने गुंज चावल्याची शंका आली, तरी उलटी-जुलाबांची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.