क्षीण संकेत, गोंगाट आणि भाषेची अतिरिक्तता

वळवाच्या दिवसांत सायंकाळी मध्यम लहरींवर आकाशवाणीचे सांगली केंद्र ज्यांनी ऐकले आहे, त्या कोल्हापूरकरांना एक अनुभव परिचित असेल. क्षितिजापलीकडे कोठेतरी वीज चमकते आणि त्याच क्षणी निवेदकाचा शब्द खरखरीत बुडतो. आवाज वाढवावा, तर खरखरही तितकीच वाढते. हौशी बिनतारी चालकांना १६० व ८० मीटरच्या पट्ट्यांवर, म्हणजे सुमारे १.८ व ३.५ मेगाहर्ट्झ कंप्रतांवर, दूरचे क्षीण संकेत ऐकताना हीच अडचण येते. तिचे निवारण ते कसे करतात, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकासही उद्बोधक ठरेल.

ह्या पट्ट्यांवरील गोंगाट ग्राहक यंत्रात उत्पन्न होत नाही. तो मुख्यतः बाहेरून येतो. दिवसा आयनांबराचा 'डी' थर ह्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो व दूरचे संकेत येऊ लागतात. परंतु त्याच वाटेने शेकडो मैलांवरील विजांचा गोंगाटही येतो. विद्युत्‌वाहक तारांवरील ठिणग्या, एलईडी दिवे व विजेची अन्य उपकरणे त्यात भर घालतात. म्हणून केवळ वर्धन वाढवून काहीच साधत नाही. महत्त्व संकेताच्या बलाला नसून संकेत आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराला आहे.

हे गुणोत्तर सुधारण्याचा पहिला मार्ग म्हणजे कमी ऐकणे. हॅरोल्ड बेव्हरेज ह्यांची अँटेना म्हणजे जमिनीपासून थोड्याच उंचीवर ताणलेली लांबच लांब तार होय. ती संकेत अल्पच ग्रहण करते. परंतु इतर दिशांचा गोंगाट त्याहूनही अल्प ग्रहण करते. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली ह्यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे अशाच तारेच्या साह्याने अमेरिकेतील हौशी चालकांचे संकेत ऐकले. दिशेप्रमाणे कंप्रतेचा पट्टाही अरुंद करता येतो. बोललेल्या भाषेस सुमारे २,४०० हर्ट्झ रुंदीची वाट लागते. मोर्सच्या कडकट्टास २४० हर्ट्झ पुरतात. गोंगाट सर्वत्र सारखा पसरलेला असेल, तर त्याचा दशांशच कानी येतो आणि संकेत मात्र अबाधित राहतो.

दुसरा मार्ग भाषेचा आहे. 'ती मुलगी शाळेत गेली' ह्या वाक्यात स्त्रीलिंग तीन ठिकाणी व्यक्त झाले आहे; त्यांतील एक खूण गोंगाटात हरवली, तरी अर्थ हरवत नाही. एकच माहिती अनेक खुणांनी सांगण्याच्या ह्या गुणास अतिरिक्तता म्हणता येईल. चालकाच्या ओळखचिन्हात हा गुण जवळजवळ नसतो. भारतीय चिन्हांच्या आरंभीची 'व्हीयू' ही अक्षरे अपेक्षित असतात. पुढील अक्षरांचा अंदाज कोणतेही व्याकरण देत नाही. त्यातही बी, डी, पी, टी ही अक्षरनामे केवळ आद्य व्यंजनाने भिन्न आहेत. त्या व्यंजनाचा स्फोट क्षणिक व क्षीण असल्याने तोच प्रथम लोपतो आणि मागे नुसता 'ई' उरतो. म्हणून चालक ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो असे शब्द उच्चारतात व चिन्ह पुन्हा पुन्हा सांगतात.

यंत्रानेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. जोसेफ टेलर व स्टीव्हन फ्रँके ह्यांनी २०१७ मध्ये प्रचारात आणलेल्या एफटी८ पद्धतीत ७७ बिटांचा संदेश १७४ बिटांचा करून पाठवला जातो. वाढलेली ९७ बिटे नवे काहीच सांगत नाहीत. ती चूक ओळखण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी असतात.

ह्या विचाराचे मोल संकटकाळी कळते. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी 'शिरोळला नाव पाठवा' हा संदेश क्षीण लहरीवर आला, तर 'शिरोळ' आणि 'शिरोली' यांतील भेद ल-ळ ह्या व्यंजनांवर व अंत्य 'ई'वर अवलंबून राहतो. दोन्ही गावे पूरप्रवण असल्याने संदर्भही साह्य करीत नाही, आणि एका स्वराच्या लोपाने नाव भलत्याच गावी जाऊ शकते. 'शिरोळ तालुका' किंवा 'पुलाची शिरोली' असे म्हणताच हा धोका टळतो. एरवी अनावश्यक भासणारा तो जादा शब्द गोंगाटात संदेशाचे रक्षण करतो. भाषेतील अतिरिक्तता हा दोष नव्हे, ते तिचे बळ आहे.