विषारी धातू, काळी जमीन आणि मुळांचा बंदोबस्त

सणसवाडीत कारखान्याची भिंत आणि शेताचा बांध एकमेकांपासून लांब नाहीत, त्यामुळे ‘मातीत जड धातू उतरले तर पिकाचं काय’ हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. माझं म्हणणं एवढंच: मूळ मुकाट्याने सगळं शोषत नाही, ते प्रतिकार करतं, पण तो प्रतिकार झाडासाठी असतो, आपल्या ताटासाठी नाही. कॅडमियम बरेचदा लोहाच्या वाटेने आत शिरतं. मग मूळ ग्लुटाथायोनपासून फायटोकेलाटिन बनवतं, धातूला त्यात जखडतं आणि पेशीतल्या रिक्तिकेत कोंडतं. विष नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं. गाजर-बीट खाताना आपण ती कोठडीच खातो! पालकात तर कॅडमियम पानांपर्यंत चढतं.

यावर हमखास उत्तर येतं: आपली काळी जमीन चुनखडीयुक्त, सामू ८च्या आसपास, धातू मुळांना मिळतातच कुठे? हे अर्धं खरं आहे. कॅडमियम, शिसं, जस्त अशा जमिनीत बरेचसे अडकून राहतात. ॲल्युमिनियमचा जाच तर आम्ल जमिनीतला. तिथे गव्हाच्या सहनशील वाणांची मुळं मॅलेट सोडून त्याला बाहेरच बांधतात. पण क्रोम प्लेटिंगमधलं षट्संयुजी क्रोमियम ऋणभारित असतं. सामू वाढला की ते मातीला कमी चिकटतं आणि सल्फेटच्या मार्गाने मुळात जातं. मुळं त्यातलं बरंच त्रिसंयुजी करून स्वतःतच अडवतात, तरी जास्त झालं की त्यांची वाढ खुंटते. तेव्हा पीक हिरवंगार आहे म्हणजे माती स्वच्छ, हा निष्कर्ष मला मान्य नाही. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश कळतं. कॅडमियम-क्रोमियमची तपासणी वेगळी मागावी लागते.