पालखी न थांबणारे घर

शिमग्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांतून ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. अंगणे सारवलेली असतात, ओटी भरायला बायका थांबलेल्या असतात, चाकरमानी रजा टाकून मुंबईहून आलेले असतात. वाळीत टाकलेल्या घरासमोरून मात्र पालखी तशीच पुढे जाते. त्या घरच्या लावणीला माणसे मिळत नाहीत, लग्नाला कोणी फिरकत नाही, मयताला खांदा द्यायलाही कोणी येत नाही. देऊळ, पाणवठा, पायवाट एकोप्याने सांभाळणारी गावकी हाच एकोपा एका कुटुंबाविरुद्ध वापरू शकते.

हे हत्यार किती धारदार आहे, याची नोंद सरकारदरबारी जुनीच आहे. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागताच वहिवाटीच्या वाटा बंद होतात, वाणी सामान देत नाही, कसायची जमीन काढून घेतली जाते, असे समितीने १९३० च्या अहवालात नोंदवले. बाबासाहेबांचे मूळ गाव याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. जमिनीच्या मालकीतून येणारी सत्ता या जिल्ह्याने खोतीच्या रूपात भोगली होती. ती खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडले. पुढे १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली आणि बहिष्काराची व्याख्याही लिहून दिली.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजाबाहेर काढण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी मात्र आपले मत वेगळे नोंदवले. अस्पृश्यतेविरुद्ध १९५५ चा कायदा होता, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आला. पण गावकीच्या कित्येक वादांत वाळीत टाकणारे आणि टाकलेले एकाच जातीचे असतात. अशा घराला या कायद्यांचा आधार मिळत नव्हता.

ही उणीव राज्याने भरून काढली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध चालवलेल्या मोहिमेमुळे या प्रश्नाला वाचा फुटली होती. विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक मंजूर केले आणि ३ जुलै २०१७ पासून कायदा लागू झाला. असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देता येते. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे तक्रार आल्यावर 'गावात मिटवा' म्हणून पोलिसांना हात झटकता येत नाहीत.

याच कायद्यात पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीची सोय आहे. तिथे फार जपायला हवे. ज्या घराला उद्या त्याच विहिरीवर जायचे आहे, त्याची संमती खरोखर मोकळेपणाने दिलेली आहे का, हे पाहणे राज्याचे काम आहे. गावाशी एकटे भांडणे कोणत्याच कुटुंबाला झेपत नाही. म्हणून तर कायदा हवा होता. प्रत्येक ग्रामसभेत तो मोठ्याने वाचला जावा, तोही शिमग्याआधी. पालखी निघेल तेव्हा तिच्या वाटेवरचे एकही घर वगळता येणार नाही, हे खांदा देणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असले पाहिजे.