आधी कोणती तार सोडावी?

नांदेडहून लातूरकडे जाताना लोहा लागते. तेथे किंवा तुमच्या गावी एखाद्या गॅरेजात जीपची बॅटरी बदलताना अवश्य पाहा. बॉनेट उघडले की बॅटरी समोरच. मिस्त्री आधी ‘मायनस’ची तार सोडतो, मग ‘प्लस’ची. असे का? हा नियम जिथे उलटा होतो, अशा एका जुन्या इंग्रजी मोटारीत डोकावले की उत्तर सापडते.

एमजीबी ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. हौशी लोकांनी ती अजून जपली आहे. हिच्या बॉनेटखाली बॅटरी शोधाल तर फसाल! आसनांच्या मागचा गालिचा उचलायचा, झाकण काढायचे, तेव्हा कुठे खाली बॅटरी दिसते. तीही एक नव्हे, दोन. इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा मधून फिरतो. म्हणून एक बॅटरी या बाजूला, दुसरी त्या बाजूला. प्रत्येकी ६ व्होल्ट. एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडले की झाले १२ व्होल्ट. १९७४ साली ही जोडी जाऊन एकच १२ व्होल्टची बॅटरी आली.

आता मुख्य मुद्दा. मोटारीत दिव्यापर्यंत एकच तार जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. त्यासाठी बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असते. त्याला ‘अर्थ’ म्हणतात. समजा, तुम्ही दुसरे टोक आधी सोडू लागलात आणि पाना सांगाड्याला टेकला. मंडल पूर्ण झाले! बॅटरीचा अंतर्गत रोध व पान्याचा रोध मिळून ०.०२ ओहम धरा. १२ भागिले ०.०२, म्हणजे ६०० अँपिअर! पाना तापून लाल होतो, ठिणग्या उडतात. बॅटरी प्रभारित होताना हायड्रोजन वायू निघतो. तो कोंदट जागी साचलेला असला तर ठिणगीने स्फोट होतो आणि गंधकाम्ल अंगावर उडते. एमजीबीच्या त्या अरुंद खोबणीत तर पाना फिरवायलाही जागा नसते.

अर्थची तार आधी सोडली की सांगाडा मंडलातून सुटतो. मग पाना टेकला तरी प्रवाहाला परतीची वाट नाही. जोडताना हाच क्रम उलट: अर्थ सर्वांत शेवटी.

आणि गंमत अशी, की १९६७ पर्यंतच्या एमजीबीत सांगाड्याला धन टोक जोडलेले असे. तेथे ‘आधी मायनस’ म्हणणारा मिस्त्री नेमका चुकीच्या तारेला पाना लावील. म्हणून जाणकार कारागीर खुणा वाचून थांबत नाही. कोणती तार थेट सांगाड्याच्या बोल्टला गेली आहे ते तो नजरेने शोधतो, आणि मगच पाना उचलतो.