फडफडणारी फीत

अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात, झोंग लिन वांग यांच्या प्रयोगशाळेत, दाबलं की वीज देणारी पातळ उपकरणं तपासली जात होती. त्यातलं एक अपेक्षेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज दाखवू लागलं. कारण शोधलं तेव्हा कळलं की जोडणीच चुकली होती. आतले प्लास्टिकचे दोन थर नीट चिकटले नव्हते, एकमेकांवर घासत होते. कंगव्याकडे कागदाचे कपटे ओढणारी, थंडीत स्वेटर काढताना चटचटणारी तीच ही वीज. सदोष तुकडा म्हणून तो टाकून देणं सोपं होतं. या मंडळींनी तो टाकला नाही, याचं मला फार मोल वाटतं. २०१२ मध्ये कॅप्टॉन आणि पॉलिएस्टर या प्लास्टिकांच्या फिल्म एकमेकींवर ठेवून त्यांनी ३.३ व्होल्टपर्यंत वीज मिळवल्याचं प्रसिद्ध केलं.

वाऱ्यापासून वीज मिळवण्यासाठी याच युक्तीची रचना अगदी साधी आहे. अरुंद खाचेत टेफ्लॉनच्या जातीची पातळ फीत टोकाशी आवळायची. वर आणि खाली अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे. वारा शिरला की फीत फडफडते, घटकेत वरच्या पत्र्याला टेकते, घटकेत खालच्या. दर स्पर्शाला ती धातूकडून थोडे इलेक्ट्रॉन घेते आणि सहसा परत देत नाही. अशी ऋणभारित झालेली फीत एका पत्र्याजवळ जाते, दुसऱ्यापासून लांब होते, तसे बाहेरच्या तारेतून इलेक्ट्रॉन इकडून तिकडे धावतात. प्रवाह उलटसुलट असतो, म्हणून डायोडचा ब्रिज लावून तो कपॅसिटरमध्ये साठवायचा. यात पाती नाहीत, चुंबक नाही, तांब्याची गुंडाळीही नाही.

व्होल्टेज शेकड्यांत जातं, प्रवाह मात्र मायक्रोअँपिअरमध्ये. घरातला पंखा यावर फिरणार नाही. हवेत दमटपणा वाढला की भार गळतो, आणि सततच्या आपटण्याने फीत झिजते. तरीही पवनचक्कीशी याची तुलना करणं मला अन्यायाचं वाटतं. पाती बोटाएवढी केली की छोट्या पवनचक्कीची बरीचशी कमाई बेअरिंगचं घर्षणच खातं. फितीला बेअरिंगच नसतं.

तिची जागा आहे ती बॅटरी बदलायला कुणी सहज पोचणार नाही तिथे: पुलाखाली, जंगलातल्या झाडावर. कपॅसिटर हळूहळू भरतो, सेन्सर क्षणभर जागा होतो, तापमानाचा एक आकडा रेडिओवरून पाठवतो आणि पुन्हा झोपतो. फीत फडफडतच असते.