अब्बांच्या फियाटचं जाम झालेलं स्टीअरिंग

अब्बांच्या इंतकालनंतर त्यांची गाडी दोन पावसाळे अंगणात चिकूच्या झाडाखाली उभी होती. गाडी 1986 ची प्रीमियर पद्मिनी. पण आमच्या चारोटीत तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, सगळे फियाटच म्हणतात. यंदा मे महिन्यात कुंपणाच्या भिंतीचं काम काढलं आणि गाडी हलवायची वेळ आली. अब्बांनी ती शेवटची लावली तेव्हा पुढची चाकं डावीकडे वळलेली राहिली होती. आता स्टीअरिंग तसूभरही हलेना. चौघांनी मिळून ढकलली, तर गाडी थेट विहिरीच्या कठड्याकडे निघाली.

भंगारवाला म्हणाला, "मॅडम, इथेच गॅसकटरने कापून नेतो. दुसरा इलाज नाही."

अम्मी काही बोलली नाही. उठून आत गेली आणि नमाजची वेळ नसताना जानमाज अंथरून बसली. मी भंगारवाल्याला आठ दिवसांनी यायला सांगितलं.

खरं तर दोष माझाच होता. भाईजान कुवेतला, मी शाळेत. गाडी महिन्यातून एकदा सुरू करून अंगणात पुढे-मागे करावी एवढं साधं काम माझ्या हातून झालं नाही. अब्बा दर महिन्याच्या पहिल्या जुम्याच्या आदल्या संध्याकाळी ग्रीस गन घेऊन गाडीखाली शिरायचे. आम्ही मुली हसायचो. आपल्याकडच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ते ग्रीस काय काम करत होतं, हे या मे महिन्यात कळलं.

हल्लीच्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे थोडं समजावून सांगावं लागेल. पद्मिनी मुळात इटलीची फियाट 1100. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1964 पासून ती 'फियाट 1100 डिलाइट' म्हणून बनू लागली, पुढे पद्मिनी झाली. तिची पुढची चाकं ज्या उभ्या खिळ्याभोवती वळतात त्याला किंगपिन म्हणतात. दाराची बिजागरी जशी आतल्या खिळ्याभोवती फिरते, तसंच. खिळा आणि त्याच्या भोवतालचं बुश यांच्यात केसाएवढी फट असते आणि ती ग्रीसने भरलेली असावी लागते. ग्रीस सुकलं की पाणी शिरतं, गंज फुगतो आणि खिळा बुशला धरून बसतो. स्टीअरिंगपासून चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यांच्या टोकाला गोळ्याचे सांधे असतात, त्यांना टायरॉड एन्ड म्हणतात. वरचं रबर फाटलं की त्यांचीही तीच गत.

चारोटी नाक्यावर गॅरेजं पुष्कळ, पण ती ट्रक-ट्रेलरची. मुंबई-अहमदाबाद हायवेवर दिवसरात्र धावणाऱ्या गाड्या सोडून आमची फियाट बघायला कोणाला वेळ असणार? शेवटी कासा बाजूला राहणारे एक मिस्त्री चाचा आठवले. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या गॅरेजात काढलेली. त्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्या मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. चाचांचे गुडघे आता वाकत नाहीत. ते म्हणाले, "बेटी, मी खुर्चीवर बसून सांगेन. हात तुझे आणि तुझ्या लेकाचे."

मी आधी स्टीअरिंगलाच जोर लावून पाहत होते. चाचांनी पहिल्यांदा तेच थांबवलं. चाकं जमिनीवर असताना जोर लावला तर जाम भाग सुटत नाही, चांगला भाग मोडतो. मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅक दिला आणि दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड ठेवून गाडी त्यांच्यावर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, विटा तर मुळीच नाहीत. विटेचा कधी भुगा होईल सांगता येत नाही. मुलगा म्हणाला, "नाना, दोनच मिनिटांचं काम आहे." चाचांनी त्याला उंट बांधून मग तवक्कुल करण्याची हदीस ऐकवली. पोराने मुकाट्याने स्टँड आणले.

मग जाम कुठे आहे ते शोधायचं. सगळीकडे तेल मारत सुटण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंचे टायरॉड चाकांपासून सोडवायचे. मग स्टीअरिंग फिरवायचं. फिरलं तर खोका, म्हणजे स्टीअरिंग बॉक्स, ठीक आहे. त्यानंतर एकेक चाक हाताने वळवून बघायचं. जे वळत नाही ते दुखणं.

ऐकायला सोपं. पण टायरॉडचा सांधा ज्या भोकात बसतो ते निमुळतं असतं, आणि चाळीस वर्षांच्या गाडीत तो खिळा तिथे जणू जन्मापासूनच आहे. मी स्प्लिट पिन काढली, नट सैल केला आणि खालून आट्यांवर हातोडा घातला. चाचा खुर्चीतूनच ओरडले. आट्यांवर मारलं की आटे चेपतात आणि मग नट ना चढतो ना उतरतो. त्यांनी सांगितलेली रीत अशी: नट पूर्ण काढायचा नाही, चार फेरे राहू द्यायचे. ज्या दांडीच्या भोकात खिळा बसला आहे त्या भोकाच्या एका अंगाला जड हातोडा टेकवून धरायचा आणि दुसऱ्या अंगाने दुसऱ्या हातोड्याचा ठोका द्यायचा. घाव खिळ्यावर नाही, भोकाच्या कडेवर. क्षणभर ते भोक आकार बदलतं आणि खिळा सुटतो. डावीकडचा तिसऱ्या ठोक्याला 'टक्' करून खाली आला. उजवीकडच्याने दोन संध्याकाळी खाल्ल्या.

निदान असं निघालं: खोका मोकळा, फक्त आतलं तेल आटलेलं. उजवं चाक कुरकुरत वळत होतं. डावं चाक, म्हणजे डावा किंगपिन, पूर्ण जाम.

चाचांनी आधी ग्रीसचं निपल काढायला लावलं. ते दगडासारख्या सुकलेल्या ग्रीसने बंद होतं. म्हणजे शेवटच्या वर्षी अब्बांनी गन मारली असेल तरी ग्रीस आत गेलंच नसावं. त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती. आम्हाला कोणाला ते कळलं नाही.

निपलचं भोक तारेने साफ केलं आणि त्यातून गंज सोडवणारं तेल आत सोडलं. बाजारात डब्ल्यूडी-40 सारखे फवारे मिळतातच. चाचांच्या गॅरेजात मात्र गिअरचं पातळ तेल, ज्याला एटीएफ म्हणतात, आणि अ‍ॅसिटोन निम्मेनिम्मे मिसळत. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं, म्हणून ते उघड्यावर आणि चुलीपासून लांब. तेल मारल्यावर काय करायचं? काहीच नाही. रात्रभर ठेवायचं. रोज असरनंतर तेल, चाकाला थोडा हिसका, मगरिबच्या अजानपूर्वी बंद. तिसऱ्या दिवशी नवीन निपल बसवून ग्रीस गनमध्ये तेलच भरलं आणि पंप मारला. वरून टाकलेलं तेल जिथे पोचत नाही तिथे दाबाने ढकललेलं पोचतं. त्या संध्याकाळी पिनच्या खालच्या कडेतून तपकिरी, गंजाचं पाणी टपकलं. चाचा म्हणाले, "आता ती बोलली."

चौथ्या दिवशी चाक एक बोटभर हललं. तिथेच मोह होतो. मुलाने टायरला लाथ घालून पुरतं वळवायचा प्रयत्न केला आणि ते पुन्हा अडकलं. जेवढं सुटलं आहे तेवढ्यातच डावी-उजवी करत राहायचं, मध्येच तेल द्यायचं. सुटलेला गंज बाहेर निघाला की पुढची बोटभर जागा होते. सहाव्या दिवशी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. मग काळं पाणी जाऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन मारली. हेही चाक अधांतरी असतानाच करावं, कारण गाडीचं वजन पडलं की ज्या बाजूला ग्रीसची गरज असते नेमकी तीच फट मिटते.

शेजारच्या एका भल्या माणसाने ब्लो-टॉर्च आणून दिला होता. गरम केलं की झटकन सुटतं, हे खरं. पण जवळच ब्रेकचा रबरी पाइप असतो. शिवाय स्टीअरिंगच्या दांड्या घडीव पोलादाच्या. एकदा लाल केल्या की त्यांचा कस जातो आणि तो गेलेला डोळ्यांना दिसत नाही. टॉर्च मी आभार मानून परत केला. वेल्डिंगचंही तसंच. स्टीअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग नाही, मग मिस्त्री कितीही हुशार असो.

गाडी सुटली, भिंतीपासून हलली, भंगारवाला दुसऱ्या घरी गेला. आता मुलाला ती लगेच रस्त्यावर हवी होती, आणि खरं सांगते, मलाही. उजवा टायरॉड एन्ड हातात धरून हलवला की खुळखुळत होता. नवीन डहाणूत मिळेना. मी म्हटलं, सध्या हाच बसवू, हळू चालवू. चाचांनी तो माझ्या हातातून घेतला आणि अंगणाबाहेर, गवतात भिरकावला. "हा सांधा निसटला तर चाक आपल्या मर्जीने वळतं. तू एकटी नसतेस रस्त्यावर," एवढंच बोलले. आमच्या इथे सूर्या नदीच्या पुलावर सप्टेंबर 2022 मध्ये सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला. त्याची कारणं वेगळी होती, पण त्या पुलावरून जाताना आजही आमच्याकडचे लोक वेग कमी करतात. रस्त्यावर समोरून येणाऱ्याचा जीव ही आपल्याकडे अमानत असते, हे मी वर्गात मुलांना सांगते. त्या संध्याकाळी अंगणात ते मलाच ऐकावं लागलं.

डहाणू रोडहून लोकलने मुलगा आणि मी मुंबईला गेलो. कुर्ल्यात, जिथे ही गाडी जन्मली तिथेच, जुन्या सुट्या भागांच्या दुकानात दोन्ही बाजूंचे नवे टायरॉड एन्ड मिळाले. नेताना जुना नमुना सोबत न्यावा. एका टोकाचे आटे सरळ असतात, दुसऱ्याचे उलटे, आणि दुकानदार घाईत दोन्ही एकाच जातीचे देतो. जुना काढताना तो किती फेऱ्यांत सुटला ते मी खडूने भिंतीवर लिहून ठेवलं होतं. नवा तेवढ्याच फेऱ्यांत बसवला. त्याने चाकं साधारण सरळ राहतात, अलाइनमेंट मात्र दुकानातूनच करून घ्यावी लागते. स्प्लिट पिन नवीनच वापरावी. जुनी वाकवून पुन्हा घालणं ही दोन रुपयांची बचत.

डाव्या किंगपिनचं काम आम्ही घरी केलं नाही. सुटला असला तरी गंजाने खाल्लेल्या पिनला खेळ होता. नवं बुश ठोकून आतून रीमर मारावा लागतो, ते लेथवाल्याचं काम; गाडी टेम्पोवर घालून नेली. खोक्यात 90 नंबरचं तेल भरलं. खोक्यावरचा खेळ कमी करायचा स्क्रू आवळायचा मोह मुलाला झाला होता. तो जास्त आवळला की स्टीअरिंग वळणावर अडकतं, म्हणून त्याला हात लावला नाही.

ब्रेक अजून बाकी आहेत आणि आरसीची मुदतही वाढवून घ्यायची आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि तपासणीत इन्स्पेक्टर स्टीअरिंग हलवून बघतोच. तोपर्यंत गाडी अंगणातच पुढे-मागे होते. काल अम्मी मागच्या सीटवर बसली होती. विहिरीपाशी वळवताना म्हणाली, "इतकं हलकं तर त्यांच्या वेळीही नव्हतं गं."