नाण्याचे घराणे

दर रविवारी मी निपाणीस शिकवणीला जातो. तेथील एका जुन्या वाड्यात आजी व नात दोघीही माझ्या शिष्या. परवा तंबोरा जुळवण्याआधीच माईंनी गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून पुढे ठेवली.

“बुवा, आमचे चिरंजीव म्हणतात, या रोमच्या मोहरा आहेत, लाखांना जातील. सोनार म्हणतो, आटवून नवा दागिना करा. तुम्हाला नाण्यांचा नाद आहे. तुम्हीच काय ते सांगा.”

हा नाद घरचाच. वडील दरबारी गवई. बिदागीत आलेले नाणे ते आटवू देत नसत.

चिरंजीवांचा तर्क अगदीच हवेतला नव्हता. बेळगावच्या खाली, हावेरी जिल्ह्यात हानगलजवळ अक्की आळूर येथे पाचव्या-सहाव्या शतकांतील रोमन सोन्याच्या नाण्यांचा मोठा संचय सापडला आहे. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर मिळालेली समुद्रदेवतेची छोटी मूर्तीही त्याच पाश्चात्य व्यापाराची खूण.

पण ते नाणे ओळखावे कसे? त्याचे नाव सॉलिडस. एका रोमन पौंडात अशी 72 बसत. म्हणजे एकाचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम. पुढच्या बाजूस शिरस्त्राण घातलेला, खांद्यावर भाला घेतलेला बादशहा; मागे बहुधा हाती उंच क्रूस धरलेली विजयदेवता. तिच्या पायांखाली पाच रोमन अक्षरे असतात, ती ‘कॉनॉब’ अशी वाचावीत. ‘कॉन’ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल आणि ‘ओब’ म्हणजे शुद्ध केलेले सोने. कडेच्या लेखाच्या शेवटी एक ग्रीक अक्षर. ते टांकसाळीतील दहा कारखान्यांपैकी कोणता, हे सांगते. पश्चिमेकडील टांकसाळी ‘कॉमॉब’ लिहीत आणि विजयदेवतेच्या दोन्ही अंगांना रोम, राव्हेना किंवा मिलानची आद्याक्षरे घालीत.

मात्र एका खुणेवर निकाल देऊ नये. ‘कॉनॉब’ इतके मानाचे ठरले की ते इतर टांकसाळींच्या नाण्यांवर आणि नकलांवरही उमटले. एखादी हरकत उचलली म्हणून कोणी त्या घराण्याचा गवई ठरत नाही, त्यातलाच हा प्रकार. वजन, चेहरा, अक्षरांचे वळण, सारे जुळावे लागते.

माईंच्या पुतळ्या कडीचे वजन वजा जाता साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरल्या. बादशहा नाही, विजयदेवता नाही. माई ज्यांना राम-लक्ष्मण म्हणत, ते संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती. मागे ताऱ्यांच्या लंबगोलात ख्रिस्त. हे व्हेनिसचे डुकॅट. 1284 पासून 1797 मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत याच घडणीचे नाणे पडत राहिले. आपण त्यालाच पुतळी म्हणतो. त्यांतल्या एकीवर तर अक्षरांच्या जागी नुसत्या काड्याच होत्या. लिपी न जाणणाऱ्या आपल्याकडील कारागिराने पाडलेली ती नक्कल.

“म्हणजे खोटी! मग आटवायला हरकत नाही,” चिरंजीव म्हणाले.

“दादा, सोने खोटे नाही,” मी म्हटले. “अक्की आळूरच्या मोहरांतही नकला आहेत. आपल्याकडे सापडणाऱ्या त्या काळच्या पुष्कळ मोहरांना बादशहाच्या डोक्यावर दोन भोके पाडलेली असतात, गळ्यात घातल्यावर चेहरा सरळ राहावा म्हणून. दूरदेशीचे नाणे आपल्या माणसांनी आधी विश्वासाने घेतले, मग हौसेने घातले आणि शेवटी स्वतः घडवले. आटवलेत, तर तोळे हातात राहतील; ही हकीकत मुशीत जाईल.”

चिरंजीव गप्प झाले. माईंनी चष्मा लावून काड्यांची पुतळी निरखली.

“ही आपल्याकडची म्हणायची,” त्या म्हणाल्या. “पटवेकऱ्याला सांगेन, हिला मध्ये गाठव.”

मग नातीने षड्ज लावला.